कालच्या गावातला जोहार

"वाक. अजून वाक. कमरेतून."

साहेब माझ्या बापाला वाकायला शिकवत होते. भर उन्हात, उघड्या मैदानावर, आमच्या देखत. बा वाकला. साहेबांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी हातातल्या छत्रीचं टोक त्याच्या मानेवर टेकवलं आणि हळूच खाली दाबलं. हळूच. मारलं नाही. शिवी दिली नाही. साहेब शिव्या देत नसत.

"हं, असं. आता म्हण."

"जोहार, मायबाप."

"मोठ्यानं रे. पाहुण्यांना ऐकू जायला हवं."

मी बाजूला उभी होते. मायचा पदर मुठीत धरला होता आणि मूठ सुटत नव्हती. तो शब्द बापाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, बापाच्या आतून दुसराच कुणी माणूस बोलला. म्हातारा, मार खाल्लेला.

माझा बाप तेव्हा भिलाईत ठेकेदाराकडे खलाशी होता. खलाशी म्हणजे साखळ्या-दोरखंडांनी लोखंडाचे गर्डर वर चढवणारा माणूस. कारखाना उभा राहत होता. सगळीकडे लाल मुरुमाची धूळ आणि तिच्यातून वर निघालेले लोखंडाचे सांगाडे. मी त्याला एकदा खालून पाहिलं होतं. वीतभर रुंदीच्या तुळईवर तो घरातल्या ओसरीवर चालावं तसा चालत होता. मी खाली डोळे मिटून बसले होते. तो भीत नव्हता. आणि आज सपाट जमिनीवर तो पायाखाली बघत उभा होता.

साहेब म्हणजे ठेकेदाराचे मोठे मॅनेजर. नागपूरचे. मराठी बोलायचे, शुद्ध. कारखान्यात कायम करण्यासाठी टोळीतल्या कुणाची शिफारस करायची, ते त्यांच्या शब्दावर होतं. कायम झालं की सेक्टरात, कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर, पक्की भिंत, नळ. आमची झोपडी पोत्याची आणि पत्र्याची होती. तीसुद्धा ठेकेदाराच्या जागेवर.

त्या थंडीत मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. साहेब त्याच्या समितीत होते. मधोमध दोर बांधून दोन भाग केले होते. अलीकडे 'कालचं गाव', पलीकडे 'उद्याचं गाव'. उद्याच्या गावात ट्रॅक्टर होता, लोखंडी नांगर, खताची पोती रचून केलेली कमान, आणि पंप. पंपाचं पाणी दिवसभर धो-धो पडत राहायचं, नुसतं दाखवायला. कालच्या गावात झोपडी, लाकडी नांगर, धान कांडायची ढेकी आणि बैलजोडी होती. बैलांपाठोपाठ आम्ही.

आम्हांला कसं निवडलं? साहेब वस्तीत आले. बापाला आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर विचारलं, "गावाला तुमच्याकडे काय काम असायचं?" भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात गावकीचं काम आमच्याकडे होतं. मेलेलं ढोर ओढणं, सांगावा पोचवणं, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारासमोर लांब उभं राहणं. बापाने खरं ते सांगितलं. साहेब खूश झाले.

"मग जोहार घालता येतच असेल."

पोहता येतं का विचारावं, तसं.

 साहेब म्हणाले, "या वेळी तुझं नाव वर पाठवायचं आहे ना?" आणि जीपमध्ये बसून गेले. एवढंच. धमकी कुठे होती त्यात? पण जीप गेल्यावर माय मटकन खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

हे समजायला आमच्या घरात त्या शब्दाचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. गावात वरच्या लोकांना आम्ही वाकून करायचा नमस्कार तो. बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा मी लहान होते. तिथून परतल्यावर मालगुजाराच्या दारात तो ताठ उभा राहिला आणि तो शब्द बोलला नाही. मग गावात आम्हांला काम राहिलं नाही. धानकापणीला कुणी बोलावलं नाही. आम्ही भिलाईला आलो. आमचा एकमेकांना करायचा नमस्कार तेव्हापासून बदलला. नागपूरकडून येणारी पत्रकं बा आणायचा. त्याला वाचता येत नव्हतं, तो ती मायकडून भिंतीला चिकटवून घ्यायचा. मी शाळेत पाटीवर जेवढी अक्षरं शिकले त्याहून जास्त त्या भिंतीवर शिकले. संध्याकाळी मी मोठ्याने वाचायची आणि बा मान डोलवायचा. उठा, म्हणायची पत्रकं. वाकू नका, म्हणायची. पण भीती वाटली की तोंड किती कोरडं पडतं, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आम्ही नवीनच आलो तेव्हा शेजारची सुकवारो दारात आली. ती इथलीच. तिचं गाव, तिचं शेत कारखान्याखाली गेलेलं. हात जोडून हसत म्हणाली, "जोहार भइया."

बा ताडकन उठला. "ये शब्द इधर नहीं बोलने का."

सुकवारो गोंधळली. "काबर भइया? जोहार त मैं अपन नोनी ला घलो कहिथौं."

आपल्या पोरीलासुद्धा ती जोहार करत होती. आम्हांला कळेना. तिकडे जो शब्द पाठ मोडायचा, तोच शब्द इकडे बाया पाणी भरताना एकमेकींना म्हणत होत्या. मी पुढे लक्ष देऊन पाहिलं. सुकवारो जोहार करताना सरळ उभी राहायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. आणि समोरचाही म्हणायचा, जोहार. तिच्या जोहाराला उत्तर मिळायचं.

वाकायला शिकवलं त्या दुपारी बापाने मैदानावर धीर करून साहेबांना म्हटलं होतं, "साहेब, हे सोडून दुसरं कोनतंबी काम सांगा." साहेब हसले.

"अरे, इथं तर सगळेच जोहार करतात. तुलाच काय एवढं?"

बापाची मान खाली गेली. मग छत्री टेकली.

आणि जाता जाता साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"पोरगी पण म्हणेल. बापानंतर. लहान मुलानं म्हटलं की छान दिसतं."

घरी माय बापाला म्हणाली, "नाई म्हना त्याईले."

"क्वार्टर भेटंल. पोरगी शिकंल. दोनच शब्द हायेत."

"दोन शब्दासाठीच त गाव सोडलं न आपून."

"तुले का वाटते, मले समजत नाई?" बा ओरडला. मग लगेच आवाज खाली आणला, कारण भिंत पोत्याची होती. "माह्यं मी म्हनतो. पोरीचं..." पुढे तो बोलला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. मी पाटी मांडीवर घेऊन बसले होते आणि लिहिलेली अक्षरं पुसत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी मायला फाटकं लुगडं दिलं. ते फाटलेलं नव्हतं, मुद्दाम फाडलेलं होतं. कडा ताज्या होत्या. बापाच्या खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी. लोक दोराशी येऊन बघायचे. बायका लेकरांना उचलून दाखवायच्या. एक बाई म्हणाली, "किती खरे वाटतात ना!" बैलांना पाणी दाखवायला माणूस ठेवला होता. आम्हांला तहान लागली तेव्हा मायने समोरच्या पंपाकडे बोट केलं. तर तो माणूस म्हणाला, "उधर नहीं जाना. इस कपड़े में उधर दिखे तो साहब चिल्लाएगा."

पाणी समोर पडत होतं. आम्ही कालच्या गावातले होतो.

सुकवारोही तिथेच होती, ढेकीवर धान कांडत. तिने मला नजरेने विचारलं, काय झालं? मी मान फिरवली. बोलले असते तर रडले असते.

मग मोठे पाहुणे आले. कारखाना उभारायला आलेला रशियन इंजिनीअर, उंच, भाजल्यासारख्या लाल चेहऱ्याचा, आणि त्याचा दुभाष्या. त्यांच्यामागे साहेब आणि फोटोवाला. साहेबांनी नांगर दाखवला, बैल दाखवले, मग बापाकडे आले. हाताने खूण केली.

बा वाकला. शिकवलं होतं तेवढा, कमरेतून.

"जोहार, मायबाप."

मोठ्याने. सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि तो पाहुणा गडबडला. त्याला वाटलं, माणूस नमस्कार करतोय. त्याने टोपी काढली, दोन्ही हात जोडले, तोही थोडा वाकला आणि अडखळत म्हणायला लागला, "जो... जोहा..."

साहेब हसत पुढे झाले. दुभाष्याला म्हणाले, "नहीं नहीं, इनको बोलिए, इसका जवाब नहीं देना होता है. यही तो रिवाज था."

दुभाष्याने सांगितलं. पाहुण्याने हात खाली घेतले. टोपी घातली. बा अजून वाकलेलाच होता. त्याला उठायची खूण कुणी केली नव्हती.

जवाब नहीं देना होता है.

माझ्या आत काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग आला असं म्हणणं खोटं होईल. राग नंतर आला, फार नंतर. तेव्हा फक्त भीती होती. पण ती दिशा बदलून आली. आत्तापर्यंत मी साहेबांना भीत होते. त्या क्षणी मला भीती वाटली की मी हा शब्द बोलले तर उद्यापासून मलाही कुणी उत्तर देणार नाही. जन्मभर.

"आता ही मुलगी," साहेब म्हणाले. "चल गं."

मी बोलले नाही. मायने मागून चिमटा काढला. तिची बोटं गार होती. साहेब दातांतून म्हणाले, "म्हण ना." मी बोलले नाही. 

पाहुणा वाट बघत हसत होता. दुभाष्याने विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं," साहेब म्हणाले. "शरमाती है."

माझ्या गप्प बसण्याचं त्यांनी भाषांतर करून टाकलं. मी नाही म्हणत होते आणि ते तिकडे लाजणं म्हणून पोचत होतं. तेव्हा कळलं, नुसतं न बोलून भागायचं नाही.

"शरमाती नहीं," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "डर लगता है. पर नहीं बोलूँगी."

 मी दोराखालून पलीकडे गेले. काही ठरवलं नव्हतं.  पंपाखाली तोंड धरलं आणि पाणी प्यायले. त्यात लढा वगैरे काही नव्हता. तहान होती.

मागे टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, हा देखाव्याचाच भाग. कालची पोरगी उद्याच्या गावात गेली! फोटोवाल्याने फोटो घेतला. साहेबही टाळ्या वाजवत होते. तोंडाने हसत होते आणि माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांची भीती मला अजून वाटते.

बापाचं नाव वर गेलं नाही. कुणी काही बोललं नाही. काही दिवसांनी टोळीत माणसं जास्त झाली असं सांगून त्याला कमी केलं. झोपडी सोडावी लागली. तोवर रोज मी घाबरून राहायची. जीपचा आवाज आला की माय चुलीवरचं तसंच टाकून दार लावायची. भिंतीवरची पत्रकं तिने स्वतःच्या हाताने खरवडून काढली. मी अडवलं नाही. आम्ही दुर्गला गेलो. बा रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती उचलायला लागला. उंचावर चालणारा माणूस पोत्यांखाली वाकून चालू लागला.

त्याने मला मारलं नाही, रागावलाही नाही. एकदाच म्हणाला, "तू बोलली थे खरंच होतं, बाई. पन मले इचारून बोलाचं होतं. वाकलो होतो मी. तुनं मले तसाच वाकलेला सोडला."

याला माझ्याकडे उत्तर नाही. पत्रकांतही नाही. बा गेला तेव्हाही नव्हतं.

आता मी भिलाईच्या एका वस्तीतल्या शाळेत शिकवते. तात्पुरती. परवा पेपरात बातमी आली: शेतीचं प्रदर्शन यंदा पूर्वीपेक्षा मोठं, नव्या बियाण्यांचे, यंत्रांचे स्टॉल, शिवाय जुन्या गावाचा जिवंत देखावा. काल मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"बाई, तुमच्या वर्गातल्या दोन मुली द्या. जरा काळ्यासावळ्या बघा, देखाव्याला शोभतील."

"काय करायचं असतं त्यांनी?"

"काही नाही हो. बसायचं. कुणी आलं की वाकून जोहार करायचा."

मी नाही म्हटलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग समजुतीने म्हणाले, "बाई, तुम्ही अजून कायम नाही."

मला माहीत आहे.  म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आज संध्याकाळी मी माझ्या वर्गातल्या पोरींच्या घरी जाणार आहे, प्रत्येकीच्या. आधी त्यांच्या आईबापांना सगळं सांगणार आणि विचारणार. ते घाबरतील. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी साहेब असेल, कायम होण्याची आशा असेल. ते नाही म्हणाले तर त्यांच्यासोबत मुख्याध्यापकांच्या खोलीत मी पुढे उभी राहीन. भीतीने हो म्हणाले तर त्यांना दोष देणार नाही. पण प्रदर्शनाच्या दिवशी त्या दोराशी मी उभी असेन आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हिंदीत, मराठीत, येईल त्या भाषेत सांगेन, की हा देखावा नाही, ही माणसं आहेत, आणि यांना वाकायला कुणी शिकवलं. मला तिथून ओढून काढावं लागेल.

माझी नोकरी जाईल. जाऊ दे. मी पोरींची नावं देणार नाही.