आमच्या साडूंचा बोंबल्या डबा

जी वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली, त्या कामाला तिला सुखानं लागू द्यायचं नाही, असा नेम करून बसलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. रिठदला त्यांच्या घरी मी पाणीसुद्धा विचारून पितो. बंद फ्रिजमध्ये सोयाबीनचं बियाणं, कूलरच्या टाकीत कोंबडीची पिल्लं, अशी तिथली व्यवस्था. एकदा तर त्यांनी कपडे धुवायच्या मशीनमध्ये हळकुंडं घोळून काढली. हळकुंडं झकास चमकली, पण पुढं कितीतरी दिवस ते सगळं घर हळद लागल्यासारखं पिवळंधमक हिंडत होतं. मी बोललो तर म्हणाले, "मशीन गोल फिरते ना भाऊ? मंग तिले काय मालूम आत काय हाये!" मी कप्पाळ बडवून घेतलं!

त्यांच्या आईला दमा आहे. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलंय. धाप लागली की मास्क लावून औषधाची वाफ घ्यायची. ते चालतं विजेवर, आणि वीज तिथं पाहुणी म्हणून येते. मी म्हटलं, सरळ नवा इन्व्हर्टर घ्या. सरळ घेतील तर ते साडू कसले! वाशीमच्या भंगारवाल्याकडून त्यांनी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना यूपीएस आणला. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर नीट बंद करायला थोडा वेळ देतो ना, तोच डबा. "नवं कायले? याले नोकरीचा अनुभव हाये!" टिनाच्या छपरावर सोलरची प्लेट चढली, खाली मोठी बॅटरी आली आणि मधोमध हा अनुभवी डबा बसला. माझी खात्री होती की धूर निघणार. निघाली ती वाफ, तीही गावात लाइट नसताना. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

पण त्या डब्याची ऑफिसातली खोड गेली नव्हती. बाहेरची लाइट गेली की कारकुनांना सावध करायला तो 'टीं टीं' बोंबलायचा, तसाच इथंही बोंबलायला लागला. वर बल्ब जळतोय आणि खाली हा रडतोय!

"म्हणजे आत्ता लाइट आहे का नाही?" मी विचारलं.

"आपली हाये, सरकारची नाई."

"मग हा बोंबलतो कशाला?"

"सरकारची नाई म्हणून."

"आणि गप्प बसला की?"

"मंग दोनी हायेत."

मला आजतागायत हे नीट समजलेलं नाही. गल्लीला मात्र लगेच समजलं. गावात लाइट आली की मागोमाग शेतातही येते, त्यामुळे डबा चूप झाला रे झाला की सगळे मोटर लावायला हरभऱ्याकडं पळायचे.

एकदा आठवडाभर आभाळ सारखं भरलेलं होतं, प्लेटला ऊनच नव्हतं. त्यातल्याच एका दुपारी गावात लाइट नव्हती, आई मास्क लावून बसल्या होत्या, मी समोर. डबा अचानक भराभर टींटींटीं करायला लागला. साडू खूश. "पाहा भाऊ, कसा जोर करून राह्यला!" आणि तो चूप झाला. गल्लीत ओरडा झाला, "चूप झाला रे, चूप झाला!" साडूंनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि तेही सगळ्यांबरोबर पळाले.

मी वर पाहिलं, बल्ब विझलेला. दोन्ही लाइटी असायला हव्यात, तर मग एकही कशी नाही? तेवढ्यात आईंनी मास्क ओढून काढला. वाफ बंद होती, छाती भात्यासारखी चालली होती, तोंडून शब्द फुटत नव्हता. अरे देवा, बॅटरीच संपली होती! डबा भराभर बोंबलला तो त्याचाच इशारा होता, आणि चूप झाला तो स्वतःच विझला म्हणून! मी बाहेर धावत ओरडलो, "लाइट नाही हो, लाइट नाही!" आणि गल्लीतली ती गाढवं लांबून उलट मलाच ओरडून सांगतायत, "आली, आली! डबा चूप झाला ना!"

साडू मात्र थबकले. माझा आवाज फाटलाय हे त्यांना तेवढ्या लांबून कळलं. असे परत धावले की चप्पल वाटेतच राहिली. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी उपसून त्यांनी छातीशी धरून आणली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. टीं. टीं. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही! वाफ सुरू झाली, आईंचा श्वास हळूहळू खाली बसला. साडू डब्याला टेकून लहान लेकरासारखे रडले. तेवढ्यात आईंनी मास्क जरासा बाजूला करून विचारलं, "चप्पल कुठी टाकली रे?"

आता तिथं मोठी बॅटरी आहे, डबा तोच. आवाज काढून टाकायला मी मेकॅनिक नेला, तर गल्लीनंच त्याला परत पाठवला. हल्ली डबा चूप झाला की शेताकडं कोणी पळत नाही. जो जवळ असेल तो आधी दारातून डोकावतो, "माय, ठीक हायेस ना वं?" आतून उत्तर आलं की मग मोटर.

माझ्या वाशीमच्या घरी नवा इन्व्हर्टर आहे. अजिबात आवाज करत नाही. लाइट कधी गेली, कधी आली, कळतसुद्धा नाही, आणि कोणी विचारायलाही येत नाही.