व्हर्लिनने कुलूप काढलं

कोळशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या केंटकीच्या डोंगरात कामाचं ठिकाण एकच उरलं, कंपनीचा तुरुंग. कैदी सरकारचे, जेवण, औषधं, पहारा सगळं कंपनीचं. नवरा गेल्यावर व्हर्लिन कॉम्ब्स तिथे पहारेकरी म्हणून लागली. मी तिच्या समोरच्या बराकीवर होतो.

सुरुवातीला एका बराकीवर तिघं असायचो. मग सोडून गेलेल्यांच्या जागा भरणं कंपनीने थांबवलं आणि व्हर्लिन एकटी उरली. बराक सोडायला आम्हाला मनाई, आणि कैद्यांना कुठे न्यायला दुसरं कुणी नाही. त्यामुळे आंघोळी रखडायच्या, भेटी रद्द व्हायच्या, आजारी माणसं पडून राहायची. कैदी चिडायचे आणि चिडले की अंधारकोठडीत जायचे.

ओडेल प्रुइटला मधुमेह होता. इन्सुलिन दवाखान्यातच मिळे. एकदा सकाळचं चुकलं, दुपारचंही. व्हर्लिनने वर फोन लावला.

"कुणाला तरी पाठवा. ह्याची शुद्ध हरपत चाललीय."

"माणूस आहे कुठे? जरा दम धर."

"मी धरीन हो. तो धरेल का?"

पलीकडून फोन ठेवला.

वेंडेल नावाचा म्हातारा कैदी म्हणाला, "बाई, तुम्ही न्या त्याला. इथलं मी बघतो."

"तू बघतोस? तुझ्यावर लक्ष ठेवायचा तर मला पगार मिळतो."

"त्या पगारात तीन माणसांचं काम कसं होणार?"

तिने बराकीचं कुलूप काढलं, ओडेलला जेवणाच्या ढकलगाडीवर आडवं केलं आणि निघाली. मी खिडकीतून पाहिलं, तर अख्खी बराक भिंतीला पाठ लावून गप्प बसलेली, आणि वेंडेल डोळे वटारत फेऱ्या मारतोय.

ओडेल वाचला. जागा सोडली म्हणून व्हर्लिनची नोकरी गेली.

ओडेलची आई रूबी हिने कंपनीवर दावा लावला. व्हर्लिन साक्षीला उभी राहिली, तेव्हा तुरुंग बंद पडेल या धास्तीने निम्म्या गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. तुरुंग काही बंद पडला नाही. कंपनीने कोर्टाबाहेर तडजोड केली, बराकीवर दुसरा पहारेकरी आला, आणि वर्ष सरायच्या आत पुन्हा गेलाही.

व्हर्लिन आता शेजारच्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. रूबी दूरच्या शहरातून लेकाला भेटायला येते ती तिच्याकडेच उतरते. मक्याच्या पावात साखर घालावी की नाही, यावरून दोघींची दर खेपेला जुंपते.