पावतीला टाचलेला तुकडा

शर्ट शिवायला टाकायला गेलो, तर आमच्या विनायक टेलरच्या टेबलावर कापडाऐवजी दोन पत्रं पसरलेली. त्यांच्या लेकीला, सायलीला, दोन खाजगी मेडिकल कॉलेजांत जागा मिळतेय. एक कॉलेज पहिल्या वर्षी निम्मी फी माफ करतंय. दुसरं दरवर्षी पाव, पण ‘संस्थेच्या निर्णयानुसार’.

विनायकराव नवं कापड चाचपावं तशी ती पत्रं चाचपत होते. “धुतल्यावर किती आटेल, ते आधी कळायला हवं,” म्हणाले आणि त्यांनी पहिल्या कॉलेजला स्पीकरवर फोन लावला.

“मॅडम, पुढच्या वर्षांचं लिहून द्याल का?”

“तसं लेखी देता येत नाही, काका. विश्वास ठेवा.”

दुसऱ्या कॉलेजात साहेब होते. उत्तर तेच.

माझं डोकं सणकलं. या पोरीकडून उत्पन्नाचा दाखला घेता, हमीपत्र घेता, स्टॅम्पपेपरवर बापाची सही घेता. तेव्हा कुठे जातो तुमचा विश्वास? लेखी सगळं गरजूनं द्यायचं, आणि देणाऱ्यानं नुसतं गोड बोलायचं. वर याला मदत म्हणायचं!

“पप्पा, यातलं कुठलं घेऊ?” सायलीनं विचारलं.

विनायकरावांनी पावतीपुस्तक ओढलं आणि माझी पावती लिहिली. मापं, मंगळवार संध्याकाळ, शिलाई, खाली सही. माझ्या कापडाचा छोटा तुकडा कापून पावतीला टाचला. नेहमीच टाचतात, कापड बदललं अशी शंका गिऱ्हाइकाला नको म्हणून.

एका शर्टासाठी.