कप्तान म्हणू नका

"कप्तान नाही बाई, कमांडर!"

बोट वर करून, मान जराशी तिरकी करून साहेब हे म्हणायचे आणि मगच माझ्या हातातली तर्री-पोह्याची प्लेट घ्यायचे. नेरच्या बसस्टँडसमोर माझी नाश्त्याची गाडी आहे. नौदलातून निवृत्त होऊन ते आपल्या गावी राहायला आले, तेव्हापासून सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तेच. मी रोज म्हणायची, "या कप्तानसाहेब," आणि रोज बोलणी खायची.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगतात तर म्हणायचं ना कमांडर! अहो, पण म्हणायचं कसं? आमच्याकडे कमांडर म्हणजे जीप. दारव्ह्याला जाणारी काळी-पिवळी, आत माणसं कोंबलेली, मागं दोघं लटकलेले, टपावर पोती. तिचा थांबा माझ्या गाडीला लागूनच. दिवसभर ड्रायव्हर बोंबलत असतो, "चला कमांडर, दारव्हा, दारव्हा!" देशाच्या जहाजावर हुकूम सोडलेल्या माणसाला त्याच नावानं हाक मारायची? जीभ वळत नव्हती बाई. कप्तान कसं भारदस्त वाटतं. साऱ्या गावानं तेच धरलं होतं.

साहेबांचं बोलणं मात्र आमच्यातलंच. एवढी वर्षं समुद्रावर काढली, इंग्रजी फाडफाड बोलायचे, पण तर्री कमी पडली की, "काहून हात आखडून राह्यली बाई?" भांडायलाही तयार. बसस्टँडमागची नवी नाली पहिल्याच पावसात खचली, तर भर चौकात ठेकेदाराला विचारलं, "सिमेंट कोठी गेलं बावा?" लोक हसले. ठेकेदार हसला नाही.

एकदा मीच वैतागून विचारलं, "साहेब, कप्तान म्हटलं तर तुमचं बिघडते काय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "बिघडते बाई. कॅप्टन माह्याहून वरचा असतो. तो हुद्दा मले मिळाला नाही."

मग सांगितलं. त्यांच्या जहाजावर अपघात झाला होता. कोकणातला एक जवान नौसैनिक त्यात गेला. वरच्यांनी चौकशीत दोष त्याच्यावरच टाकला, मेलेला माणूस काही बोलायला येत नाही म्हणून. साहेबांनी साक्ष दिली की पोराची चूक नव्हती, वरून आलेला हुकूमच चुकीचा होता. कोणी ऐकेना, तेव्हा वर्तमानपत्रांसमोर बोलले. झालं! टीव्हीवर कोणी त्यांना शूर म्हटलं, कोणी गद्दार. बढती अडकली ती अडकलीच. त्या पोराच्या आईनं मुलाच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून अर्ज केला होता. तो अजून चालू होता आणि साक्षीदार हे एकटेच.

"माह्यापाशी फक्त माह्या शब्द आहे," ते म्हणाले. "मी सोताले खोटा हुद्दा लावतो असं कोणी म्हटलं, तर मंग त्या पोराबद्दलचं माह्यं बोलणं कोण खरं मानीन?"

हे ऐकल्यावर मी तरी सुधारले. पण गावाचं तोंड कोण धरणार? स्वातंत्र्यदिनाला पोरांनी हौसेनं फ्लेक्स लावला, साहेबांचा हसरा फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'कॅप्टन साहेब'. साहेबांनी दिसताक्षणी उतरवायला लावला. तोवर ठेकेदारानं फोटो काढून जिकडेतिकडे पाठवला होता. सुनावणी तोंडावर आलेली आणि मोबाइलवर ज्याच्या त्याच्या तोंडी 'बोगस कप्तान'!

त्या आईच्या वकिलाचा फोन आला तेव्हा साहेब माझ्याच बाकावर बसलेले होते. फोन ठेवून म्हणाले, "समोरचा वकील आता हाच फोटो दाखवीन बाई." त्या दिवशी पोह्यांना हात लावला नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

त्यातच एक टीव्हीवाला कॅमेरा घेऊन आला. बसस्टँडवर दिसेल त्याला विचारू लागला, "या साहेबांना तुम्ही काय म्हणता?" जो तो छाती फुगवून सांगे, "कप्तान!" साहेब बाकावर डोकं धरून बसले. आपण त्यांना बुडवून राह्यलो, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

माझं टाळकं सटकलं. हातातला झारा घेऊनच मी कॅमेऱ्यापुढं गेले. "ओ दादा, हा माणूस रोज सकाळी मले टोकत होता. कप्तान म्हणू नका, कमांडर म्हणा, असं सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. पण आमी कमांडर कसं म्हणाव? ते पहा, ते आहे आमचं कमांडर!"

ड्रायव्हरला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तो तिथूनच ओरडला, "या ना भाऊ, दोन सीट खाली आहे! दारव्हा, दारव्हा!"

सारा बसस्टँड हसला. टीव्हीवाला हसला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसून की कशानं, मी विचारलं नाही. तो व्हिडिओ गावोगाव फिरला. सुनावणीत समोरच्या वकिलानं बोगसपणाचा मुद्दा काढला, तेव्हा आमच्या वकिलानं तोच लावून दाखवला. गंभीर चेहऱ्याची मोठमोठी माणसं हसली म्हणे, मग साहेबांची साक्ष नीट ऐकून घेतली आणि मान्य केली. निकालात आलं, त्या नौसैनिकाची काही चूक नव्हती.

थंडीत त्याची आई नेरला आली. इतक्या लांब, एसटीनं, एकटी. साहेब घरी एकटेच, म्हणून मी सोबतीला गेले होते. ती पाया पडू लागली, तर साहेबांनी तिला धरलं आणि स्वतःच वाकले. मग तिनं माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि चुलीपाशी बसली.

साहेब जेवत होते. चौथी भाकरी ताटात टाकत ती म्हणाली, "आणि एक घे रे झिला. किती सुकलंस."

तिच्या मालवणीत झिला म्हणजे लेका. साहेबांनी मान खाली घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "दे माय."