सेलेस्तीनची ठेंगणी कमान

सेलेस्तीन बाप्तिस्त एरवी डावा पाय ओढत चालतो. पण गुड फ्रायडेला लाल झगा अंगावर चढला, की त्याच्या चालीत दरबारातल्या राजाचा डौल येतो.

शिरोड्याच्या माडांतलं ते लहानसं कपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, कोंफ्रारीचं, म्हणजे प्रायश्चित्त करणाऱ्या भावांच्या मंडळाचं; लाल झगा त्यांचाच. पूर्वजांनी जांभा डोक्यावरून वाहिला, चुन्यात गूळ कालवला, खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवले. दार मात्र मुद्दाम ठेंगणं ठेवलं. देवाच्या दारात ताठा नको! ख्रिस्ताची पालखीसुद्धा खांदेकऱ्यांनी गुडघ्यांवर चालतच बाहेर काढायची.

गेल्या वर्षी भाऊ उभ्यानेच निघाले. सगळे वयाने थकलेले, गुडघे टेकले आणि उठता आलं नाही, तर चारचौघांत शोभा! पालखीचा कळस धाडकन कमानीला बसला, चिरा निखळला. कपेलच्या कमिटीने बजावलं, यंदा पालखी नीट निघाली नाही तर कमान फोडून दार उंच करणार.

सेलेस्तीनने चिरा बसवला, पण खांदे कुठून आणणार? तरणे सगळे गोव्याच्या हॉटेलांत. सुट्टीतच त्यांना काम जास्त.

"पप्पा, आमी बायलो घेतंव खांद्यार," सून मेल्विना म्हणाली.

"कोंफ्रारी भावांची गो! बायलो खंयसून इल्यो?"

"कपेल झाडूक बायलो चलतत, पालखेक नाय? रोज भुंयेर बसान मासळी कापतंव. आमचे गुडघे तुमच्यापरीस बरे आसत!"

भावांची रीत मोडायची, की पूर्वजांची कमान? शेवटी खुंटीवरचा झगा काढून सेलेस्तीनने तिच्या हाती दिला. "लांब होतलो तुका. दुमड."

त्या दिवशी अंगण माणसांनी फुलून गेलं होतं. कमिटीचे अध्यक्ष हाताची घडी घालून उभे. पुढच्या दांड्याला सेलेस्तीन, मागे मेल्विना आणि तिच्या मैत्रिणी. सगळ्यांनी गुडघे टेकले. गुड फ्रायडेला घंटेऐवजी वाजवतात त्या लाकडी टाळ्या वाजल्या, पालखी हलली.

"हळू गो! उजवीकडे!"

बोटभर फट राखून कळस कमानीखालून सुटला. आता उठायचं. सेलेस्तीनचा गुडघा अडला.

"पप्पा, उठा! लोक बघतत!"

"बघूंदेत! तेच्यासाठीच तर इलेत!"

दात आवळून तो उठला, त्याच्यासोबत पालखी उठली. शोकाचा दिवस विसरून लोकांनी टाळ्या पिटल्या. पाद्रीबाबांनीही अडवलं नाही. अध्यक्ष चपला काढून पालखीच्या दांड्यापाशी आले आणि म्हणाले, "सेलेस्तीन, माका वायच जागा कर."