आईनं जोडलेले हात

"तू खुर्चीवर नको बसू. खाली बस, बायकांमध्ये. फोटोत बरं दिसतं."

संस्थेच्या मॅडम हळू आवाजात बोलल्या. हसत हसत. दरेकशाच्या बाजूच्या एका गावात समाजमंदिरात कार्यक्रम होता. देणगी देणारे पाहुणे बाहेरून आले होते. सतरंज्या मी अंथरल्या होत्या. बायका मी गोळा केल्या होत्या, घरोघर फिरून. त्यांचे बचतगट मी उभे केले होते. संस्थेत समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली एकटी मीच.

मी खाली बसले.

आई दुसऱ्या ओळीत होती. लेकीचं काम पाहायला ये, असं मीच म्हटलं होतं. ठेवणीतलं पातळ नेसून आली होती.

मॅडमनी माईक घेतला. माझ्याकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाल्या, "ये हमारी लाभार्थी है. माँ बीड़ी बनाती है. हमने इसको पढ़ाया."

लाभार्थी.

धादांत खोटं. मला जिनं शिकवलं ती दुसऱ्या ओळीत बसली होती. नागपूरला मी दोन वर्षं होते. शिष्यवृत्ती येईल म्हणाले, ती आली पदवी हातात पडल्यावर. तोवर खोलीचं भाडं, मेस, क्षेत्रकार्याला जायचं बसभाडं, सगळं आईच्या विड्यांतून. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायचा, बाकी वर्षभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. तिच्या हातच्या भाकरीला तंबाखूचा वास येतो. आम्हाला तो कधी कळलाच नाही, नागपूरच्या मैत्रिणीनं डबा उघडला तेव्हा कळला.

आणि माझी आई काही गरीब गाय नाही. विड्यांचा ठेकेदार चांगल्या विड्याही वाईट म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणतात त्याला. छाटीचे पैसे द्यायचे नाहीत, आणि मग त्याच विड्या मागच्या दारानं विकायच्या. आई त्याच्या तोंडावर बोलायची, "छाट आहे तं मोडून टाक माया समोर." त्याच्यापुढे तिनं मान खाली घातलेली मी कधी पाहिली नाही.

त्या आईनं हात जोडले. मॅडमकडे बघून. वाकून.

तेवढ्यात मला पुढं बोलावलं. पाहुण्यांच्या हातात ब्लँकेट होतं. ते घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, हसायचं. मी गेले. हात पुढं केला नाही.

"मॅडम, मी लाभार्थी नाही. मी इथं नोकरी करते. आणि मला माझ्या आईनं शिकवलं."

टाळी कुणी वाजवली नाही. बायका सतरंजीकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गोंदियाच्या ऑफिसात बोलावलं. "समाजकार्य शिकलीस, सेवा नाही शिकलीस. उद्यापासून येऊ नकोस." मी थकलेलं मानधन मागितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याच लोकांसाठी करतो ना आम्ही? आणि तुलाच पैसे पाहिजेत?"

तुमचे लोक म्हणजे कोण, हे मला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे.

संस्थेत पगार हा शब्दच नव्हता. मानधन म्हणायचे. गोंदियात कापडाच्या दुकानात बसणारी पोरगी माझ्यापेक्षा जास्त कमावते. आई थट्टेनं म्हणायची, "धन तं दिसूनच राहिलं व. मान केव्हा देतेत?"

सालेकशाला उतरून घरी आले. आई पडवीत विड्या वळत होती. बाजूला धाकटी बहीण, बारावीतली. सांगितलं, नोकरी गेली.

आईनं वर पाहिलं नाही. "कंबल घेऊन घ्याचा होता. लाभार्थी म्हटलं तं म्हटलं. आपलं का गेलं?"

मी चिडले. "तू कायले हात जोडले? तुले खरं वाटलं, त्याइनं मले शिकवलं म्हणून?"

तिचा हात थांबला.

"मी का येडी आहो? मले मालूम नाही का कोणं शिकवलं तं? तुई नोकरी टिकावी म्हणून जोडले."

मी तिथेच बसून रडले. ओक्साबोक्शी. या पदवीला किती लागलं आणि तिनं किती दिलं, हे मला लोक विचारतात. भाडं सांगता येतं, मेस सांगता येते. ते जोडलेले हात कुठल्या हिशेबात धरायचे?

धाकटीनं विचारलं, "ताई, मंग मी नको करू का एमएसडब्ल्यू?"

मॅडमनी मला छाट म्हणून बाजूला काढलं होतं. पण मी उभे केलेले बचतगट त्या पुढच्या पाहुण्यांनाही दाखवणार. छाटीचं काय होतं, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे.

"कर," मी म्हटलं. "पण सेवा म्हणून नको करू. काम म्हणून कर."

सोमवारी मी कामगार कार्यालयात जाणार आहे. थकलेले पैसे मागणार आहे. तक्रारीत मानधन लिहिणार नाही, पगार लिहिणार. दुसऱ्या संस्थाही मला दारात उभं करणार नाहीत, ठाऊक आहे. नाही तर नाही.

आई म्हणाली, "मी बी येतो तुयासंग."

"ये," मी म्हटलं. "पण तिथं कोणालेच हात जोडाचे नाही."