कुशाबाने न सांगितलेली आच

कुशाबा घाडी चिंचपोकळीच्या चाळीत राहायचा आणि लालबागच्या एका मिलमध्ये बॉयलरवर होता. सोळा वर्षं आगीसमोर काढल्यामुळे त्याच्या नजरेलाच आच कळायची. काटा काय दाखवतो ते तो मागाहून बघायचा. झरोक्यातून एकदा डोकावलं, की जाळ केशरी आहे की पिवळ्यावर गेलाय, एवढ्यावर त्याचं काम भागायचं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. आठ महिने गेले तशी कमलच्या, म्हणजे कुशाबाच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, आनंदाचा, धीर सुटला. तोही त्याच मिलमध्ये होता, आणि एका सकाळी तो कामावर परत जायला निघाला. कुशाबाने त्याला गेटच्या अलीकडे गाठलं आणि तासभर समजावलं. महिन्याभरात तोडगा निघतोय, आता फुटलास तर चाळीत तोंड कसं दाखवशील, असं बरंच काही. कुशाबाच्या बोलण्याला तेव्हा वजन होतं. आनंदा मागे फिरला.

तोडगा काही निघाला नाही. दोघांनाही मिलने पुन्हा आत घेतलं नाही. आनंदा बिऱ्हाड उचलून देवगडकडच्या गावी गेला आणि तिथे खचत खचत तिसऱ्या वर्षी वारला. कुशाबा बाराव्याला गेला, तेव्हा कमल त्याच्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "दादा, तुझ्या शब्दार रवलंव आमी."

आपल्या शब्दावर ती दोघं थांबली, हे ऐकलं तेव्हापासून कुशाबाने तोंडाला कुलूप घातलं. कुणी काही विचारलं, तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणायचा आणि उठून जायचा.

पुढे ओळखीतल्या एकाने त्याला कुलाब्याकडच्या एका संशोधन संस्थेत हंगामी मदतनीस म्हणून चिकटवलं. काम भट्टीचंच, पण भट्टी कशी, तर हाताएवढ्या जाडीची, विजेवर तापणारी नळी. तिथे नलिनी आपटे नावाची मुलगी संशोधन करत होती. ठाकूरद्वारची, सत्तावीस वर्षांची, सगळे तिला नलूच म्हणत. ती कुशाबाला मामा म्हणायची, तो तिला बाई.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये त्या संस्थेत एकदम धावपळ उडाली. एका काळ्या, चिनीमातीसारख्या पदार्थातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, आणि त्यासाठी तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला की पुरतं, असा शोध परदेशात लागला होता. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. नलूने त्यातला एक धातू बदलून आपली स्वतःची पाककृती बसवली होती. कुशाबा खलात पूड घोटायचा, दाबून तिच्या बटणाएवढ्या वड्या करायचा आणि नळीत सरकवायचा. घोटता घोटता नलू त्याला समजावून सांगायची, की धातूतून वीज नेणारे कण एरवी एकेकटे धक्के खात जातात. या पदार्थात मात्र त्यांच्या जोड्या जमतात, आणि सगळ्या जोड्या मिळून जणू एकच होऊन चालतात. मग त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. त्या जोड्या इथे का जमतात, हे मात्र अजून कुणालाच कळलेलं नाही. कुशाबा ऐकायचा. माणसांचं काही तसं होत नाही, असं त्याच्या मनात यायचं, पण तो बोलायचा नाही.

पहिली भट्टी फसली. वड्या काळ्या व्हायला हव्या होत्या, त्या कडेला हिरवट पडल्या. दुसऱ्या खेपेला कुशाबाने नळीच्या तोंडातून आत बघितलं. काटा साडेनऊशे अंश दाखवत होता, पण आतला रंग केशरी नव्हता, पिवळ्याकडे झुकला होता. आच पन्नास-साठ अंशांनी तरी जास्त होती. त्याने काट्याकडे बघितलं, वहीत आकडे उतरवणाऱ्या नलूकडे बघितलं, आणि पुन्हा खल हातात घेतला. शिकलेली माणसं आहेत, त्यांचं यंत्र आहे, आपण बोलायचो आणि भलतंच व्हायचं.

एकेका भट्टीला आठवडा लागायचा. तिसरी गेली, चौथी, पाचवी. नलू प्रत्येक वेळी मिश्रण बदलायची. तिचे डोळे ओढले होते, डबा तसाच घरी परत जायचा. सहाव्या भट्टीतून पुन्हा हिरव्या वड्या निघाल्या, तेव्हा तिने वही मिटली आणि म्हणाली, "माझा विचारच चुकलाय, मामा. उद्यापासून नको लावायला."

ते मात्र कुशाबाला सोसवलं नाही. "बाई, विचार नाही चुकला," तो म्हणाला. "आच जास्त लागतेय. तुमचा काटा खोटं बोलतोय."

नलूने उष्णता मोजायची तार बाहेर ओढली. तिचं टोक दोन बोटं मागे, थंड बाजूला सरकलेलं होतं. ते तिने नीट बसवलं. सातव्या भट्टीतून वड्या निघाल्या त्या कोळशासारख्या काळ्या. एक वडी बशीत ठेवून नलूने वर नायट्रोजन ओतला, धुरासारखी वाफ उठली, आणि चिमट्यातला इवलासा लोहचुंबक तिने वडीवर सोडला, तो अधांतरी तरंगत राहिला. लोक गोळा झाले, टाळ्या वाजल्या.

चार दिवसांनी टपालाने परदेशी नियतकालिक आलं. त्यात नलूचीच पाककृती होती, तिच्याआधी पोचलेल्या दुसऱ्याच्या नावाने.

तिने ते दोनदा वाचलं. मग कुशाबाजवळ येऊन विचारलं, "मामा, आच जास्त आहे हे तुम्हाला कधी कळलं होतं?"

"दुसऱ्या खेपेला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कोण बोलणारा?" कुशाबा म्हणाला. ते खरं नव्हतं, आणि खरं सांगायला त्याची जीभ उचलली नाही. नलू रागावली नाही. नंतरही रोज मामा म्हणत राहिली. पण वर्षभरात संस्था सोडून ती एका कॉलेजात शिकवायला लागली. वडिलांचं आजारपण आहे, असं लोक म्हणत. कुशाबाला ते कधी पटलं नाही.

तो पुढे कायम झाला. आता भट्टीत जरा काही वाटलं, की तो लगेच सांगायचा. कधी त्याचं बरोबर ठरायचं, कधी चुकायचं आणि पोरं हसायची. तो हसू द्यायचा.

निवृत्त झाल्यावर महिन्याभराने तो ठाकूरद्वारला नलूच्या घरी गेला. तिचे केस पांढरे होऊ लागले होते. चहा समोर ठेवून ती बसली, तेव्हा त्याने आनंदाची सगळी हकीकत सांगितली, गेटपासून बाराव्यापर्यंत.

मग नलू म्हणाली, "रोज तुमच्या शेजारी बसायचे मी. तुम्ही बॉयलरवर होतात, हे माहीत होतं मला. एकदाही विचारलं नाही, की मामा, तुम्हाला काय वाटतं?"

आणि तिने पुढे विचारलं, की हल्ली तिथे काय चाललंय. तो सांगू लागला, की आता वड्या जाऊन स्फटिक वाढवतात, पण त्या जोड्या का जमतात ते अजून कुणाला उमगलेलं नाही. नलू पुढे सरकून बसली. किती अंशांवर वाढवतात, निववायला किती दिवस देतात, पाठोपाठ विचारत राहिली. चहा निवून गेला तरी तिचे प्रश्न संपेनात.

हिच्यातली त्या कामाची ओढ जराही विझलेली नाही, हे कुशाबाच्या ध्यानात आलं. ती ते काम विसरली असती, तर त्याला घरी परतणं सोपं गेलं असतं.